नवा टॅबलेट की जुना लॅपटॉप?



येत्या जिल्हा बैठकीपुढे एक विषय येणार आहे. वरवर पाहता किरकोळ वाटेल असा. तालुक्याच्या कचेऱ्यांसाठी संगणक घ्यायचे आहेत. पैसा वर्गणीचा आहे. म्हणजे कुणी ज्वारीचे पोते विकून, कुणी मजुरीतून वाचवून दिलेला. काही तरुण कार्यकर्त्यांची सूचना अशी की प्रत्येक तालुक्याला एक कोरा करकरीत टॅबलेट द्यावा. वजनाला हलका, शबनम पिशवीत मावतो, बोट लावले की चालतो. आमचे मत वेगळे आहे. जवळपास तेवढ्याच पैशात तपासून, दुरुस्त करून पुन्हा विकायला काढलेला लॅपटॉप घ्यावा. बाजारात त्याला 'रिफर्बिश्ड' म्हणतात.

हा वाद कचेरीपुरता नाही. घरातली मुलगी बारावी होऊन पुढे शिकायला निघाली, बचत गटाचा हिशेब सुनेकडे आला, की हाच प्रश्न तुमच्या ओसरीवर येतो. म्हणून सविस्तर मांडतो.

आम्ही हे कुरुंदवाडहून लिहितो आहोत. पंचगंगा कृष्णेला मिळते त्या काठावरचे हे गाव, चहूकडे ऊस. वाचणारे तुम्ही बहुतेक कोरडवाहू कापूस-ज्वारीवाले. पाण्याच्या बाबतीत तुमची आमची बरोबरी नाही. पण सरकारी कागदापुढे उभे राहताना उसवाला आणि कापूसवाला सारखेच उघडे असतात, हे आम्ही दोन महापुरांत पाहिले आहे.

काम कोणते, ते आधी ठरवा

अवजार घेण्याआधी शेतकरी काम पाहतो. आंतरमशागत करायची तर डवरा, पेरायचे तर तिफण. संगणकाच्या बाबतीत मात्र आपण आधी दुकान पाहतो आणि काम नंतर शोधतो.

शेतकऱ्याच्या घरात आज यंत्राची कामे दोन प्रकारची आहेत. पहिला प्रकार पाहण्याचा आणि बटण दाबण्याचा. ई-पीक पाहणीसाठी शेतात उभे राहून पिकाचा फोटो चढवायचा. २०२१ पासून हे राज्यभर चालू आहे. २०२५ च्या हंगामात सीसीआयने हमीभावाने कापूस घालायचा तर 'कपास किसान' ॲपवर नोंदणी करा असे सांगितले. बाजारभाव, हवामान, सातबाऱ्याचा उतारा हेही असेच. ही सगळी कामे खिशातल्या मोबाइलवर होतात. टॅबलेट म्हणजे मोठ्या पडद्याचा मोबाइल. जे काम एका यंत्रावर होते त्यासाठीच दुसरे, मोठे यंत्र घ्यायचे, यात आपल्या पदरात नवे काय पडले?

दुसरा प्रकार लिहिण्याचा. अर्ज, हरकत, निवेदन, ठराव, हिशेब आणि यादी. यातली यादी सर्वात महत्त्वाची.

२०१९ च्या ऑगस्टमध्ये आणि पुन्हा २०२१ च्या जुलैमध्ये आमचा शिरोळ तालुका पुराखाली गेला. पंचनामे झाले. तुमच्याकडे पंचनामा होतो तो पाऊस न पडल्याचा. २०२५ च्या सप्टेंबरात मराठवाड्यात तो अतिवृष्टीचाही झाला. पाणी कमी असो की जास्त, पंचनाम्यानंतर गावात एकच गोष्ट घडते. यादी लागते. यादीत काही नावे नसतात. काहींचे क्षेत्र कमी लागलेले असते. काहींचा बँकेचा खाते क्रमांक चुकलेला असतो. अशा वेळी 'गावावर अन्याय झाला' म्हणून ओरडून फारसे साधत नाही. गट नंबर, खातेदाराचे नाव, पेरलेले क्षेत्र, यादीत लागलेले क्षेत्र आणि दोहोंतला फरक, अशा ५ रकान्यांचा तक्ता ज्याच्या हातात असतो त्याला साहेब खुर्ची देतो. ४०० खातेदारांचा असा तक्ता काचेवर बोट घासून करून पाहा. रात्र संपेल, तक्ता संपणार नाही. टॅबलेटला कीबोर्ड जोडता येतो, हे खरे. पण तो वेगळा विकत घ्यावा लागतो, आणि तो जोडून टॅबलेट जे अर्धेमुर्धे करतो ते लॅपटॉप पहिल्या दिवसापासून पुरते करतो.

पाहण्याच्या यंत्रावर सरकारची यादी दिसते. आपली यादी लिहिण्याच्या यंत्रावर तयार होते. आमच्या आग्रहाचे मूळ इथे आहे.

हिशेब क्विंटलात मांडा

आता पैशाचे. शेतकी महाविद्यालयात आम्हाला घसारा शिकवला होता. नवा ट्रॅक्टर दुकानाच्या फाटकातून बाहेर पडला की त्याची किंमत उतरते. पहिल्या दोन-तीन वर्षांत सर्वात जास्त, पुढे हळूहळू. ही उतरलेली किंमत पहिला मालक भरतो. काम करण्याची ताकद मात्र त्या प्रमाणात उतरलेली नसते.

लॅपटॉपचे तसेच आहे. पुण्या-मुंबईच्या, बंगळुरूच्या मोठ्या कंपन्या आपल्या नोकरांना लॅपटॉप देतात. बऱ्याचदा तो भाडेपट्ट्यावर घेतलेला असतो. तीन-चार वर्षांनी मुदत संपली की शेकड्यांनी यंत्रे एकदम बाहेर पडतात. ती व्यापारी घेतो, साफ करतो, तपासतो, बॅटरी किंवा साठवणूक बदलतो आणि विकतो. ही यंत्रे कचेरीत रोज आठ-दहा तास राबावीत म्हणून बांधलेली असतात. दुकानातल्या सर्वात स्वस्त नव्या लॅपटॉपपेक्षा अंगाने मजबूत.

ठोकताळ्याने १५ ते २५ हजारांत असे यंत्र मिळते. २० हजार धरू. २०२५-२६ च्या हंगामाचा मध्यम धाग्याच्या कापसाचा हमीभाव ७,७१० रुपये. म्हणजे जुना लॅपटॉप अडीच क्विंटलांहून थोड्या जास्त कापसाला पडला. नवा ४५ हजारांचा घेतला तर पावणेसहा क्विंटलांहून जास्त. संकरित ज्वारीचा त्याच वर्षीचा हमीभाव ३,६९९ रुपये. ज्वारीत मोजले तर जुना साडेपाच क्विंटलांच्या आसपास, नवा १२ क्विंटलांच्या वर. आणि हा हिशेब हमीभावाचा. बाजारात काय मिळते ते तुम्हाला सांगायला नको. भांडवल ज्याच्याकडे तुटपुंजे आहे त्याने दुसऱ्याचा घसारा आपल्या अंगावर का घ्यावा?

टॅबलेटवाले म्हणतील, टॅबलेटही तेवढ्यातच येतो. येतो. पण त्याची बॅटरी आत चिकटवलेली असते, मेमरी पाटावर झाळलेली असते. पडदा फुटला तर दुरुस्तीचा खर्च ऐकून माणूस नवाच घेतो. स्वस्त टॅबलेटला दोन-तीन वर्षांपुढे कंपनीकडून सुधारणा मिळतील याची खात्री नसते. यंत्र धडधाकट असते आणि ॲप म्हणते, तुझी आवृत्ती जुनी झाली.

इचलकरंजीने काय केले

'जुना माल म्हणजे दुसऱ्याचे उष्टे' असे एक कार्यकर्ता म्हणाला. त्याला आम्ही शेजारच्या इचलकरंजीचे उदाहरण दिले, कारण तुमच्या कापसाचे सूत शेवटी अशाच गावांतल्या मागांवर चढते.

इचलकरंजीत पहिला यंत्रमाग विठ्ठलराव दातारांनी १९०४ साली बसवला. शतकभर साध्या धोट्याच्या मागांवर हे गाव मोठे झाले. पुढे बिनधोट्याच्या मागांचा जमाना आला. नव्या परदेशी मागाची किंमत लहान यंत्रमागधारकाच्या आवाक्याबाहेर. तेव्हा इथल्या लोकांनी युरोपातल्या गिरण्यांनी काढून टाकलेले सुल्झरसारखे माग आणले, बसवले, दुरुस्त करायला शिकले. केंद्र सरकारने १९९९ साली वस्त्रोद्योगासाठी जी तंत्रज्ञान सुधारणेची योजना काढली तिनेही अशा जुन्या मागांना कर्जाची वाट मोकळी केली. अट अशी की माग १० वर्षांपेक्षा जुना नको आणि पुढे किमान १० वर्षे चालणारा हवा.

ही अट आम्हाला फार शहाणपणाची वाटते. यंत्र नवे की जुने हा प्रश्नच नाही. उरलेले आयुष्य किती, हा प्रश्न आहे. बाजारात बैल घेताना तुम्ही दात मोजता, खांदा पाहता, चालवून पाहता. जन्मतारीख विचारून सोडत नाही.

मात्र इथे एक गोम आहे. परदेशातून जुना माग आणायला आपल्या आयात धोरणात वेगळा परवाना लागत नाही. जुना लॅपटॉप आणायचा तर परवाना लागतो. ३ ऑगस्ट २०२३ रोजी तर सरकारने नव्या लॅपटॉप-टॅबलेटच्या आयातीवरही परवान्याची अट घातली. ओरड झाली, दुसऱ्याच दिवशी अंमलबजावणी पुढे ढकलावी लागली, आणि नंतर ऑनलाइन मंजुरीची पद्धत आली. परदेशाचा इलेक्ट्रॉनिक कचरा जुन्या मालाच्या नावाने इथे ओतला जाईल ही भीती खोटी नाही. पण ती तपासणीने दूर करता येते. माग तपासून येऊ शकतो, तर लॅपटॉप का नाही? परवाना आला की माल महागतो आणि शेवटच्या गिऱ्हाइकाच्या, म्हणजे तुमच्या आमच्या, खिशातून तो भरून निघतो. हा अनुभव शेतकऱ्याला नवा नाही.

वारणा आणि आकाश

सरकारी थाटाने गावात यंत्रे आणण्याचे दोन प्रयोग आपल्यासमोर आहेत.

पहिला आमच्याच जिल्ह्यातला. वारणानगरच्या परिसरात १९९८ साली 'वायर्ड व्हिलेज' प्रकल्प सुरू झाला. कोल्हापूर आणि सांगली जिल्ह्यांतली ७० गावे संगणकाने जोडायची होती. खर्चाचा बहुतेक भार केंद्र आणि राज्य सरकारवर, उरलेला वारणेच्या सहकारी संस्थांवर. शेतीचा सल्ला, बाजारभाव, सगळे गावातल्या केंद्रावर मिळेल असे सांगितले गेले. प्रत्यक्षात केंद्रावर मुख्य काम राहिले ते उसाच्या नोंदी आणि वजनाचे आकडे पाहण्याचे. पुढे मायक्रोसॉफ्टच्या बंगळुरूच्या संशोधन शाखेने ७ गावांत संगणकाऐवजी साध्या मोबाइलच्या संदेशावर तीच माहिती देऊन पाहिली, आणि काम भागले. शेतकऱ्याला फक्त आकडा पाहायचा असेल तर संगणक लागतच नाही. वारणेचा हा धडा टॅबलेटला जसाच्या तसा लागू आहे.

दुसरा दिल्लीचा. ५ ऑक्टोबर २०११ रोजी 'आकाश' नावाचा टॅबलेट मोठ्या समारंभाने देशापुढे आला. जगातला सर्वात स्वस्त म्हणून गाजला. आत ३६६ मेगाहर्ट्झचा प्रोसेसर, २५६ एमबी मेमरी आणि दाबून चालवावा लागणारा पडदा. हळू चालतो, बॅटरी टिकत नाही अशा तक्रारी आल्या. तेरा महिन्यांनी, ११ नोव्हेंबर २०१२ रोजी, 'आकाश-२' आणावा लागला. आज कुणाच्या घरात आकाश दिसतो? स्वस्तही आणि नवेही हवे असा हट्ट धरला की कुठेतरी मालात काटछाट होते. नाव सोनुबाई आणि हाती कथलाचा वाळा.

ज्याला उघडता येत नाही ते आपले नाही

अमेरिकेतला शेतकरी हजार एकरांचा धनी असतो असे आपण ऐकतो. पण त्याच्या ट्रॅक्टरमधला संगणक बिघडला तर तो स्वतः दुरुस्त करू शकत नव्हता. कंपनीच्या विक्रेत्याकडेच सॉफ्टवेअरची किल्ली. भर सुगीत ट्रॅक्टर बांधाला उभा. त्यावर तिथल्या शेतकऱ्यांनी लढा दिला. कोलोरॅडो राज्याने २०२३ साली शेतीयंत्रांच्या दुरुस्तीच्या हक्काचा कायदा केला आणि १ जानेवारी २०२४ पासून तो लागू झाला. जानेवारी २०२५ मध्ये तिथल्या केंद्रीय व्यापार आयोगाने जॉन डिअर कंपनीवर याच कारणाने खटला भरला.

आपल्याकडे केंद्र सरकारने २४ डिसेंबर २०२२ रोजी दुरुस्तीच्या हक्काचे संकेतस्थळ सुरू केले. त्यात चार क्षेत्रे घेतली: शेतीची यंत्रे, मोबाइल व इलेक्ट्रॉनिक वस्तू, घरगुती टिकाऊ वस्तू आणि वाहने. शेतीचे यंत्र आणि संगणक एकाच पंगतीत बसले हे बरे झाले. पण संकेतस्थळ म्हणजे कायदा नव्हे. कायदा येईपर्यंत आपल्या हातात एकच उपाय आहे: जे यंत्र तालुक्याच्या गावातला कारागीर चार स्क्रू काढून उघडू शकतो, तेच घ्यायचे. कचेरीत वापरून निघालेल्या बहुतेक लॅपटॉपची बॅटरी, साठवणूक, कीबोर्ड बदलता येतो. पुष्कळांची मेमरी वाढवताही येते. जुन्या ऑइल इंजिनावर आपल्या दोन पिढ्यांनी पाणी काढले ते याच गुणावर.

घेताना काय पाहाल

आमचा आग्रह जुन्या मालाचा आहे, डोळे मिटून घेण्याचा नाही. नुसता 'सेकंडहँड' आणि 'रिफर्बिश्ड' यांत फरक आहे. पहिला जसा आहे तसा मिळतो. दुसरा तपासून, हमीसह मिळाला पाहिजे. पावती आणि किमान ६ महिन्यांची लेखी हमी नसेल तर उठून यावे.

पिढी विचारा. विंडोज १० चा नेहमीचा आधार कंपनीने १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबवला. विंडोज ११ नियमाप्रमाणे चालवायचे तर इंटेलचा प्रोसेसर साधारण आठव्या पिढीचा किंवा पुढचा लागतो. त्यामुळे त्याआधीची धडधाकट यंत्रे सध्या स्वस्तात निघत आहेत. ती फेकण्यासारखी नाहीत. त्यांवर लिनक्स ही फुकट प्रणाली चांगली चालते. केरळच्या सरकारी शाळांनी अनेक वर्षांपासून मुक्त प्रणालीवर मुलांना शिकवले आहे. पण गटाचे किंवा कंपनीचे हिशेब टॅलीत असतील तर विंडोज लागेल, मग आठव्या पिढीच्या खाली जाऊ नका.

मेमरी ८ जीबी हवी. साठवणूक फिरत्या तबकडीची नको, एसएसडी हवी. जुने यंत्र कशाने धावत असेल तर याने. बॅटरीची मूळ क्षमता आणि आजची क्षमता यंत्र स्वतःच दाखवते. दुकानातच अहवाल काढायला सांगा. निम्म्याखाली असेल तर नवी बॅटरी घालून मागा. बिजागरी चार वेळा उघडझाप करून पाहा. प्रत्येक कळ दाबून पाहा. पडदा पांढरा करून डाग पाहा. चार्जर मूळ आहे का पाहा. यंत्र बंद करून पुन्हा चालू करा आणि सुरुवातीलाच जुन्या कंपनीचा पासवर्ड किंवा कुलूप येते का पाहा. असे कुलूपबंद यंत्र फुकट दिले तरी घेऊ नका. ते कुठून आले हाही प्रश्न असतो.

आणि मराठी. जुन्या फाँटमध्ये टाइप केलेला अर्ज दुसऱ्या यंत्रावर गेला की त्याची अगम्य चिन्हे होतात. कचेरीचे सगळे काम युनिकोडमध्येच करा. इनस्क्रिप्ट कीबोर्ड शिकायला थोडे दिवस लागतात, पण तो विंडोजवरही आहे, लिनक्सवरही आहे.

टॅबलेटचा कैवार

टॅबलेटची बाजूही न्यायाने मांडली पाहिजे. नागपूरच्या महाज्योती संस्थेने इतर मागास वर्गातल्या प्रवेशपरीक्षा देणाऱ्या मुलांना टॅबलेट दिले. व्हिडिओवरचे धडे ऐकायला तो पडदा चांगला. ज्यांची नजर अधू आहे त्यांना वाचायला सोपा. वीज गेली तर टॅबलेट जास्त वेळ टिकतो, आणि धूळही त्यात कमी शिरते. असा कुणाला फुकट मिळाला असेल तर जरूर वापरावा. पण ज्या मुलीला उद्या कॉलेजात प्रकल्प लिहायचा आहे, हिशेबाची नोकरी करायची आहे, तिच्यासाठी घरातला कापूस विकून यंत्र घ्यायचे असेल, तर तिला लिहिता येईल असेच घ्या. दोन भावंडे त्यावर शिकतील आणि रात्री तुमच्या गटाचा हिशेबही होईल.

बैठकीपुढे आमची सूचना

एक, प्रत्येक तालुका कचेरीला एक रिफर्बिश्ड लॅपटॉप घ्यावा. सगळे एकाच बनावटीचे घ्यावेत, म्हणजे एकाचा सुटा भाग दुसऱ्याला चालेल. दोन, नव्या यंत्राच्या तुलनेत जो पैसा वाचेल तो खर्चून टाकू नये. त्यातून एक साधा प्रिंटर घ्यावा आणि बॅटरी-दुरुस्तीसाठी थोडी रक्कम बाजूला ठेवावी. तीन, प्रत्येक तालुक्यातून दोघांना, त्यांत एक बाई असलीच पाहिजे, तक्ता करायला शिकवावे. शिकवणी संपल्याची खूण प्रमाणपत्र नव्हे. आपापल्या गावाच्या खातेदारांची गट नंबरवार यादी पूर्ण करून आणणे, ही खूण. यादीची एक प्रत पेनड्राइव्हवर दुसऱ्या गावात ठेवावी. कागद पुरात भिजतो आणि वाळवीही खाते.

पुढचा दुष्काळ किंवा पुढची अतिवृष्टी तारीख कळवून येणार नाही. त्या दिवशी पंचनाम्याला माणूस येईल तेव्हा गावाची स्वतःची यादी टेबलावर असावी, एवढ्यासाठी हा सारा खटाटोप. बैठकीला येताना आपल्या गावात किती खातेदार आहेत तो आकडा घेऊन या. कामाला तिथूनच सुरुवात करू.